कोनं धरलंच नाई

नाई जी, बसा, बसा, उठू नका — तो टायर चांगला हाय, बसल्यानं काई होत नाई त्याले — तुमच्या पायजम्याले काळं लागीन येवढंच, थांबा, ही गोनपाटाची घडी टाकतो — हं. बसा आता. आयकलं मी सारं. सत्कार करता म्हनता. शाल, नारळ, मैदानावर खुर्ची टाकून बसवता. लय झालं. समुद्रपुराहून वर्धा, वर्धेहून इथं कारंजाले, दोन मोटारी बदलून तुमी आले, ते बी कोन, बबनरावाचा पुतन्या — मंग या डोमाजीनं नाई कसं म्हनाव? येतो की. फक्त ते एक बदला, भाऊ. लाउडस्पीकरवर जे बोलनार म्हनता ना तुमी — "उभ्या आयुष्यात ज्याले कोनं पकडलं नाई, तो हा महारवाड्याचा वाघ" — ते बोलू नका. ते खोटं हाय. मले पकडलं होतं. एकदा, नागपूरच्या सामन्यात. चांगलं दोघा-तिघायनं पकडलं, मातीत पाडलं, हा पाय तिथंच मोडला. ते सांगत असान, तर मी आलोच समजा.

हासता काऊन? मी काई लाजून-बिजून नाई बोलून राह्यलो. तुमाले वाटलं, म्हातारा मोठेपना नको म्हनते — म्हातारा नाई, तसा, पन पाय वढत चालते तो मानूस म्हाताराच दिसते. काका काय सांगते तुमचे? घसरला म्हनते? हो, ते तसंच सांगत असतीन. डोमाजी घसरला आन पाय मोडला. अवो, सात-आठ वर्स त्या मातीत मी अनवानी पळालो, मी घसरीन? बरे हायत ना ते? गुडघे दुखते म्हनता. दुखतीन, लय धावले ते बी. नाई, मानूस वाईट नाई तुमचा काका, असं मी कधी म्हनलं नाई, आन आज बी म्हनत नाई. — अभी होता है, सरदारजी, थोडा सबर करो, सोलूसन सूखने दो — हे टरकवाले असे, ट्यूब हातात द्याची आन लगेच हारन वाजवाचा.

तर तुमी म्हनता पोट्ट्यायले शिकवा. निसटाव कसं ते शिकवा. गेल्या साली तुमच्या एका गड्याले दुसऱ्या गावच्यानं पायाची कैची मारली, मांडी मोडली त्याची, तवापासून मायबाप पोरं मैदानावर धाडत नाई — म्हनून तुमाले वाटलं का डोमाजीले इचाराव, तो कसा निसटत होता. बरोबर हाय तुमचं. कैची वाईटच. पंचानं तिथंच शिट्टी माराले पायजे, तोंड दाबून दम तोडनारालेबी भाईर काढाले पायजे — पन निसटाव कसं, ते मले नाई येत, भाऊ. खरं सांगतो. तुमी मानान नाई, पन मले नाई येत. मी कधी निसटलोच नाई कोनाच्या हातातून. हातात सापडाव त लागते ना आधी.

नाई समजलं? समजनार नाई, मले समजाले वर्सं लागली. आयका मंग, मोटार याले येळ हाय तुमची. आमच्या मोहल्ल्यात लहानपनी आमी हुतूतू खेळत होतो — चांगलं आंगावर पडून, कपडे फाटेस्तोवर, माय मारत होती त्याच्यापायी. पन माह्या बरोबरीचे सारे पोट्टे मिसरूड फुटाच्या आधी हिंगनघाटच्या मिलमध्ये लागले. मी राह्यलो मायजवळ. मंग शाळेवर अण्णाजी गुरुजी आले — खादीवाले, देवमानूस, सकाळी झाडू घेऊन मोहल्ल्यात येत होते — त्यायनं पाह्यलं मी कसा पळतो ते, आन हात जोडून पाटलाच्या वाड्यावर गेले, का हा पोट्टा गावच्या संघात पायजे. आता गुरुजीले नाई कोन म्हनीन? बबनराव कप्तान होते, ते म्हनले, येऊ द्या. झालं, मी संघात. गुरुजी रोज संध्याकाळी मैदानाच्या कडेला बसत, टाळ्या वाजवत, पाव्हना आला का त्याले दाखवत — पाहा, सारे सोबत खेळून राह्यले. खेळत होतोच की. खोटं नाई त्यात. मोहल्ल्यातले लहान पोट्टे मातर तवापासून मले खेळाले बोलवत नव्हते. तू आता तिकडचा, म्हनत.

पहिल्या दिवशी मी चढाईवर गेलो — आपल्याच गड्यायवर, सरावात — दम घेतला, हुतूतूतूतू करत आत शिरलो, आन सातच्या साती गडी मागं. कोनी पुढं नाई. एकानं हात केला धराले, पन हात हवेतच. मी एकाले शिवून परत. बबनराव म्हनले, वा रे डोम्या, वीज हायस तू. मले काय वाटलं अशीन? मी सोळा-सतरा वर्साचा. मले वाटलं, हाय मी वीज. दुसऱ्या गावाशी सामना झाला तर तिथं बी तेच. मी रेघीवर आलो का चढाई चालू व्हाच्या आधी बबनराव मागून वरडत — "डोमाजी चालला रे, महारवाड्याचा वाघ" — मोठ्यानं, पार त्यायच्या मानसायलेबी आयकू जाईन असं. माही छाती अशी फुगे. आन तिकडचे गडी असे मागं सरत, असे मागं सरत, का दोघं-तिघं आपसूकच रेघीच्या भाईर — बाद. मी कोनाले शिवलो बी नाई आन ते बाद. लोक डोक्याले हात लावत. काय दरारा हाय म्हनत या पोराचा. मीबी तेच म्हनत होतो, दुसऱ्या कोनाचं काऊन बोलाव.

चिन्हं होती, भाऊ. आता आठवतात. साखळी करते ना, दोघं-दोघं हातात हात घेऊन, आलेल्या गड्याले घेराले — त्यात माहा हात कोनाच्याच हातात नसे. कोपऱ्यावर मी एकटा. बबनराव म्हनत, तुले साखळी काऊन लागते, तू एकटाच पुरे. बाकीच्यायच्या आंगाले तेल नाई ना, नखं काढली ना, हे पंच हात फिरवून पाहे, आन माह्याजवळ आला का दुरूनच म्हने, ठीक हाय, ठीक हाय. सामना जिंकला का सारे एकमेकायच्या गळ्यात पडत, मी दुरून हासत उभा. मंग ते नदीवर जात आंघोळीले. सामना हारो का जिंको, आंघोळ ठरलेली — मले वाटे, घाम येते, जातीन. मी बी जात होतो, खालच्या आंगाले, एकटा. मले कदी खटकलं नाई हे, हे तुमी ध्यानात घ्या. खटकलं असतं त बरं झालं असतं. मी खूश होतो. घरी येऊन मायले सांगत होतो, आज बी कोनाले सापडलो नाई. ती भाकरी थापत राहे. तिले माईत होतं का नाई, कोनाले ठाऊक, तिनं सांगतलं नाई आन आता इचाराले ती नाई.

मंग एक्कावन साली नागपूरचा सामना. मोठ्ठा मांडव, मैदान कसं चाळलेल्या मातीचं, पंचायच्या गळ्यात शिट्ट्या. आमच्या समोर मिलवाल्यायचा संघ. आधीच एक गंमत झाली — पंच आला नखं पाहाले, आन त्यानं माहा हात हातात घेतला. एकेक बोट असं उलटं करून पाह्यलं. म्हने, आंगठ्याचं काढ. मी हात तसाच पुढं धरून उभा राह्यलो, तो पुढं गेला तरी. बाजूचा गडी म्हने, काय झालं बे. काई नाई म्हनलं. काय सांगनार? — हो सरदारजी, हवा भर रहा हूँ, देखो — मंग माही चढाई आली. मी रेघीवर. आन तुमच्या काकानं आवाज टाकला, नेहमीसारखाच, "डोमाजी चालला रे, महारवाड्याचा वाघ."

तिकडं कोपऱ्यावर एक गडी होता, काळा, ठेंगना, मानेवर मांस असलेला. त्यानं आयकलं आन तो हासला. आपल्या गड्यायकडं पाहून म्हने — मी आयकलं भाऊ, या कानानं आयकलं — म्हने, "आरे, मंग त आपलाच हाय. धरा त्याले."

आन धरलं. कसं धरलं, काय सांगू तुमाले. मी आत गेलो, ते मागं सरलेच नाई. उभेच. मले समजेच ना का कराव काय — समोर मानसं उभी हायत आन हालत नाई, असं कदी झालंच नव्हतं माह्यासोबत. त्या ठेंगन्यानं खाली झेप टाकून माहा घोटा धरला, दोन्ही हातानं, असा आवळला का आंगठा हाडावर बसला. मागून एकानं कंबर. तिसरा आंगानं येऊन धडकला, खांद्यानं, अशी धडक का माहे पाय जमिनीवरून सुटले. मी खाली, ते तिघं माह्यावर. त्यायचा घाम माह्या तोंडावर, एकाची छाती माह्या पाठीवर धपापून राह्यली. आन मी पाय ताठ केला होता. तीच चूक. घोटा धरला का गुडघा मोडाव लागते, पाय सैल द्याव लागते, ज्या बाजूनं वढला त्या बाजूनंच आंग टाकाव लागते — लहान पोरालेबी येते हे, रोज पडून पडून येते. मले येत नव्हतं. मले पाडलंच कोन होतं? कट्ट करून वाजलं. सात गड्यायले आयकू गेलं. आन भाऊ, तुमाले खोटं वाटीन, मले हसू आलं. पाय मोडून पडला होता आन मी हासत होतो, मातीत तोंड खुपसून. हासलं का दम तुटते, मी बाद. पंचाले वाटलं, दुखन्यानं याले येड लागलं.

दुखत होतं ना. नाई कसं. पन ते वेगळं.

मंग उचलाची येळ आली. आपले सहा गडी भोवताल उभे. बबनराव बी. सारे म्हनत होते, उचला रे, कोनी उचला, पानी आना. उचला म्हनत होते सारे. उचललं नागपूरवाल्यायनं — त्या ठेंगन्यानं खांदे धरले, दुसऱ्यानं मांड्या, आन टांग्यात घालून दवाखान्यात. आपला संघ संध्याकाळच्या गाडीनं परत आला. याव लागलं, दुसऱ्या दिवशी वखरनी होती सगळ्यायची. मी समजू शकतो.

तो ठेंगना, पुनाजी त्याचं नाव. रोज येई दवाखान्यात, मिलची पाळी सुटली का, कापसाचे तंतू केसात तसेच. पाय मोडला म्हनून वाईट वाटत होतं त्याले. एक दिवस म्हने, काऊन बे, तुले पडाले येत नाई? येवढा मोठा गडी आन ताठ पाय? मी म्हनलं, मले आजवर कोनं पकडलंच नाई त येईन कसं. फुशारकीनंच म्हनलं मी. वाटलं, आता हा वा म्हनीन. त्यानं बिडी काढली, दवाखाना म्हनून परत ठेवली. मंग हळूच म्हने, "काऊन पकडलं नाई, हे इचारलं कदी कोनाले?" बस, येवढंच. आन उठून गेला तो.

रातभर मी त्या खाटेवर पडून एकेक सामना आठवला. एकेक गडी. कोन कसा मागं सरला, हात कसा हवेत थांबला. आन तो आवाज — महारवाड्याचा वाघ. मी समजत होतो माह्या नावाची दवंडी पिटते. ते तिकडच्यायले सांगनं होतं, भाऊ. याले शिवू नका, का हा कोन हाय. सारं त्याच आवाजात होतं, मी तेवढं आयकलं नाई. आता तुमी तेच लाउडस्पीकरवर म्हननार म्हनता. तुमाले नाई माईत, तुमी लहान होते, माह्या ध्यानात येते ते. काकानं जसं सांगतलं तसं तुमी बोलून राह्यले. खाली नका पाहू, तुमाले नाई म्हनत मी.

दुसऱ्या दिवशी पुनाजी आला तसा मले म्हने, पाहा, असं पडाव. आन तिथंच, दोन खाटायच्या मधात, पडून दाखवलं. घोटा धरला समज — धपकन. कंबर धरली समज — धपकन. हनवटी छातीले लावाची, हात आंगाखाली येऊ द्याचा नाई, दम पोटातून. चार-सहा दिवस रोज पडला तो माह्यासाठी त्या फरशीवर, नर्सबाई वरडली तरी. म्हने, पाय बरा झाला का मैदानावर ये, रोज धरतो तुले. पाय काई बरा झाला नाई. हाड वाकडं बसलं. त्यानंच वळखीच्या गॅरेजात लावून देल्लं, तिथून मी या सडकेवर आलो, आन पंचावन साली पुनाजी मेला. खोकला. मिलच्या मानसाले तेच. दुसऱ्या साली आमी नागपूरले दीक्षा घेतली, पांढरे कपडे घालून, तुमी आयकलं अशीन — येवढी मानसं का पाय ठेवाले जागा नाई, खांद्याले खांदा, पाठीले पाठ, आन मी मधात उभा. लय बरं वाटलं. त्याले शोधत होतो मी त्या गर्दीत. माईत होतं मेला ते, तरी.

इथं? इथं कोन हाय. टरकवाले येते, जाते. जात कोनी इचारत नाई, नाव बी नाई इचारत. धाब्यावर जेवतो, या खोपटात झोपतो. लग्न झालं नाई, लंगड्याले कोन देते पोरगी. वाईट नाई चाललं. संध्याकाळी सडक रिकामी झाली का तेवढं जरा — पन ते असो. तुमी आले, बोलले, येवढं कोन बसते.

म्हनून म्हनतो, पोट्ट्यायले निसटाचं शिकवू नका. पडाचं शिकवा. धरनाराले बी शिकवा, का घोटा पिळाचा नाई, धरून आंगाकडं घ्याचा, पाडताना त्याचं डोकं आपल्या हातावर याले पायजे. ज्याले रोज धरते त्याचं हाड मोडत नाई. आन तुमच्या त्या संघात आता मोहल्ल्यातले पोट्टे हायत म्हनता ना, दोन? हायत. बरं. त्यायले धरते का कोनी? नाई, तुमी काऊन घुटमळले? पाह्यलं नाई म्हनता. पाहात जा.

या, दाखवतो. मोटार दिसत नाई अजून. उभे राहा. हा डावा मोडका, हा राहू द्या — हा उजवा चांगला हाय. मी चढाईवर आलो, तुमी कोपऱ्यावर. वाका. अजून खाली — हां, गुडघे टेकले की मातीत, पायजम्याची फिकीर नाई केली, शाबास. मी पाय पुढं टाकतो, तुमी घोटा धराचा, दोन्ही हातानं, भ्याचं नाई. टाकला. धरा.

अरे. नाई, तुमचं नाई चुकलं. माहाच पाय मागं आला. पुन्हा. आता इथं ठेवतो, इथून हालवत नाई. धरा.

पाहा, पुन्हा तेच. तुमचा हात लागाच्या आत. मी नाई वढला भाऊ, आईची आन, तो आपसूकच — थांबा, या खांबाले धरून उभा राहतो. डोळे मिटतो. तुमी सांगू नका केव्हा धरता ते.

...

राहू द्या. उठा. माती झटका तुमची, लय लागली. हात चांगला हाय तुमचा, खरंच धराले आला होता, मले समजलं. डोळे मिटले तरी पायच जागेवर नाई राहात, त्याले मी काय करू. आता कोन शिकवते त्याले.

ते पाहा, आली तुमची मोटार. मी नाई येत, भाऊ. माह्याच पायाले जे येत नाई, ते पोट्ट्यायले काय शिकवू? शाल कोनाले बी घाला, मले काई वाटनार नाई. नाई, रागानं नाई म्हनत. जा, सुटीन ती, ड्रायव्हर थांबत नाई इथं. जा ना. माह्या पायाकडं पाहू नका असे.